उकंडाबाईचा उंबरा

आमच्या आत्याचं नाव उकंडाबाई. हे नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस काय काय करतो ते मला पाठ आहे. आधी तो थबकतो. मग कान पुढे करून विचारतो, "काय म्हणालात?" आत्या पुन्हा सांगते, तितक्याच संथपणे. मग तो ओठ आत ओढून हसू गिळतो आणि भिंतीकडे बघतो. आत्या त्याला तेवढा वेळ देते.

मागे आखाडा बाळापुरात डोळ्यांचं शिबिर होतं. आत्याचं सासर तिथलंच. शहरातून आलेला एक कोवळा डॉक्टर नावं पुकारत होता. "उकंडा... बाई?" म्हणाला आणि फिस्सकन हसला. आत्या खुर्चीवर ऐसपैस बसली. म्हणाली, "हसून घे बापू पुरतं. मंग मार डोळ्यात बत्ती. हसता हसता हात हालून राहिला तुजा."

डॉक्टरानं खरंच पोटभर हसून घेतलं, मग डोळे तपासले, आणि जाताना आत्याच्या हॉटेलात प्लेटभर भजे खाऊन गेला.

हा प्रसंग मी दोन्ही आवाजांत करून दाखवते. फिस्सकन हसणं जमायला मला दोन दिवस लागले. आई हसता हसता तव्यावरची भाकरी करपवते. आत्यासमोर केलं तेव्हा तिनं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "शिवे, माजा आवाज थोडा नाकातून काढ. मी एवढी गोड न्हाई बोलत."

आता हे नाव आलं कुठून, ते सांगते. उकंडा म्हणजे उकिरडा. आमच्याकडची जुनी माणसं उकिरड्याला उकंडाच म्हणतात. ज्या घरात लेकरं जगत नसत, तिथं पुढच्या लेकराला असं नाव द्यायचे की न्यायला येणाऱ्यानं नाक मुरडून परत जावं. म्हणून कुणी दगडू, कुणी धोंडाबाई, कुणी केराबाई. पण उकंडा नाव नुसतं ठेवून भागत नाही. लेकरू सुपात घालून खरोखर उकिरड्यावर ठेवायचं. आई पाठ फिरवून घरात जाते. मग परक्या घरची बाई येते, "अगं माय, हे कोनी टाकलं?" म्हणत लेकरू उचलते आणि आपल्या घरी नेते. उंबरा ओलांडला की लेकरू तिचं. खऱ्या आईनं मग त्या उंबऱ्याशी जाऊन पदर पसरायचा आणि दाई म्हणून पाजायला लेकरू मागायचं. नाव ठेवण्याचा मान उचलणारीचा.

आत्याच्या आधीची तिन्ही भावंडं गेली होती. आत्याला उचललं समोरच्या जैतूनबीनं. त्या घरी गाद्या भरायचं काम चालायचं. जैतूनबीनं बाळाला कापसाच्या ढिगावर निजवलं, बोटानं साखरेचं पाणी चाटवलं, आणि आमची आजी पदर पसरून दारात आली तेव्हा म्हणाली, "बच्ची अब मेरी है. दूध पिलाने कू ले जाव, लेकिन भूलना नक्को, किसकी है." आजी नाही विसरली. पुढे माझे बाबाही जगले, पण उकिरड्यावरून न जाता, साध्या नावानं. आत्याच्या लग्नात जैतूनबी आईच्या जोडीला मांडवात बसली. आता ती नाही, पण तिचा नातू इनायत आत्याला फुप्पी, म्हणजे आत्याच म्हणतो, आणि ईदीचं लुगडं नरसीहून बाळापूरला पोचवतो. आमचं गाव नरसीच्या अलीकडे, अगदी रस्त्यावर. इनायतभैया काळीपिवळी जीप चालवतो, त्यामुळे लुगड्याला भाडं पडत नाही.

लग्नात आत्याचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून मामांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, अंगठीनं लिहिलं, उषा. सगळ्यांना बरं वाटलं. सासू हाक मारायची, "उषा! ए उषा!" आणि आत्या शांतपणे गहू निवडत बसलेली. सासूला वाटलं, बहिरी पोरगी गळ्यात मारली. एक दिवस तिनं रागानं "उकंडे!" म्हटलं आणि सून ताडकन उठून पुढ्यात उभी. तिथून पुढे त्या घरातही उकंडाच.

"काहून ओ देत नव्हती गं?" मी एकदा विचारलं.

"उषा म्हनलं की वाटायचं, कोनीतरी चांगल्या घरची बाई दाराशी आली हाये. मी काहून ओ देऊ? तिला बोलवून राहिले, ती देईल."

मामा गेल्यावर आत्यानं बाळापूरच्या बाजारात हॉटेल टाकलं. पुढच्या खोलीत चहा आणि भजे, मागे घर. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा तिच्या पोरानं, म्हणजे वैजनाथदादानं हात जोडले. "आई, भज्याच्या दुकानावर उकिरडा कसा लिहू गं?" आणि त्यानं लिहून आणलं, 'उषा चहा व भजे सेंटर'. अजूनही बाजाराला आलेली माणसं पाटीखाली उभी राहून विचारतात, "उकंडाबाईचं हॉटेल कुठं हाये हो?"

आत्या हे सगळं हसत सांगते. एक गोष्ट मात्र तिनं मला कांदे चिरताना सांगितली. शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे. तिचं नाव आलं की पोरं नाक धरायची. रोज. तिला त्याची सवय झाली होती. पण एक दिवस गुरुजीही हसले. त्या दिवशी ती दप्तर घेऊन घरी आली, ती पुन्हा शाळेत गेली नाही. "हे नाव माज्यासंगं जाऊ दे," ती म्हणाली. "मी त्याला शेवटची." डोळे पुसले तिनं, पण कांदा होताच.

आणि यंदा नेमकं तेच नाव आमच्या घरात परत यायला निघालं.

माझ्या भावाची, हरीशदादाची बायको वैष्णवीवहिनी. तिची दोन बाळं गेली. पहिलं पोटातच. दुसरी पोरगी जन्मली, थोडेच दिवस राहिली, गेली. आता तिसरी झाली ती वेळेआधी, हिंगोलीला बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. ती घरी आली तेव्हा दादानं मोबाईलमध्ये शोधून नाव काढलं, आद्विका. आईनं दोनदा म्हणायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आत्या फोनवर म्हणाली, "चहात टाकायचं का हे?"

पण वहिनीनं आद्विकाचा विषयच काढू दिला नाही. तिनं आत्याशी चाललेला फोन हातात घेतला.

"आत्या, पोरगीला तुमीच उचला. उकिरड्यावरून."

"उचलते की. काहून न्हाई उचलनार? पन नाव माजं न्हाई द्यायचं."

"नाव तर उचलनारीच देती ना?"

"म्हून तर म्हनते. मी देनार न्हाई."

"बघू आत्या तवा."

"बघू, बघू."

फोन स्पीकरवर होता. वहिनीचं "बघू" हळूच दार लावून घेतल्यासारखं खाली आलं. आत्याचं "बघू, बघू" पातेल्यावर झाकण दाबून बसवल्यासारखं. दोघींनीही ठरवून टाकलं होतं आणि दोघींचं ठरलेलं एकमेकींच्या उलट होतं.

बारशाच्या दिवशी पहिली अडचण आली ती उकिरड्याची. गावात उकिरडाच नव्हता. स्वच्छ गावाच्या स्पर्धेत सगळे खड्डे बुजले, आता सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते. आई म्हणाली, "गाडीतच ठेवायचं का मंग पोरगीला?" शेवटी बाबांनी शेतातून दोन टोपली शेणखत आणलं आणि अंगणात नव्या ताडपत्रीवर त्याचा ढीग केला. आईला राहवेना, तिनं भोवती रांगोळी काढली. दादा हात निर्जंतुक करायची बाटली घेऊन सगळ्यांच्या मागे मागे. एवढा सजलेला उकिरडा जिल्ह्यात झाला नसेल.

आत्या पहाटेच्या गाडीनं आली होती. ढिगाकडे बघून म्हणाली, "सूप वर ठेवा, सुपात दुपटं, दुपट्यात लेकरू. आन माशी बसली तर हरीश, तुलाच बसवीन ह्याच्यावर."

वहिनीनं बाळ सुपात ठेवलं. पाठ फिरवून घरात जायचं होतं, तर तिचे पाय हलेनात. आईनं तिला खांद्याला धरून आत नेलं. आत्या फाटकातून आली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं माय! हे कोनी टाकलं?" तिचा आवाज असा निघाला की मला तो पुढे कधी करून दाखवावासा वाटला नाही. तिनं बाळ उचललं आणि छातीशी धरलं.

बायका पाळण्याभोवती जमल्या. घुगऱ्या तयार होत्या. वहिनी आतून पळत आली. "आता नाव, आत्या."

आत्या म्हणाली, "आन उंबरा?"

बाबांनी आमच्याच दाराकडे बोट केलं.

"लेकरू उचलनारीच्या उंबऱ्यातून आत जातंय. मंग नाव. जैतूनबीनं मला रस्त्यात उभं राहून नाव न्हाई दिलं. माजा उंबरा कुठं हाये?"

बाबांनी कपाळावर हात मारला. तिचा उंबरा बाळापूरला. गावातलीच उचलणारी घेतात ती का घेतात, हे तेव्हा आम्हाला कळलं. आत्या जगली म्हणून आत्या हवी, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात होतं. तिला आम्ही घरचीच धरली होती.

दादा म्हणाला, "समोर इनायतभैयाच्या घरात न्या ना. तुमचंच घर हाये ते."

"ते माजं माहेर, येड्या. पोरगी आपल्या घरी नेतात."

मला वाटलं, आत्या पळवाट काढून राहिली. नाव द्यायचं टाळायला चाळीस-पन्नास किलोमीटरचा उंबरा मध्ये टाकला तिनं. पण वहिनी तिच्यापेक्षा हट्टी. ती चपला घालून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. "इनायतभैया, गाडी काढा."

"अब्बी? बारसं हुआ?"

"बारसंच गाडीत बसवायचं हाये."

मग पाळणा टपावर बांधला. घुगऱ्यांचं पातेलं मागच्या सीटखाली. आत्या बाळाला घेऊन पुढे, शेजारी वहिनी, मागे आम्ही सगळे एकमेकांच्या मांडीवर. हिंगोलीच्या चौकात एकानं ओरडून विचारलं, "पाळना विकायला नेता का हो?" इनायतभैयानं काचेतून मान काढली. "लेना है क्या? बच्ची के साथ नई मिलता!" आत्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "तोंड धू तुजं." तो म्हणाला, "फुप्पी, तुमने भी तो इसे कचरे में से उठाया," आणि आणखी एक खाल्ला.

कळमनुरी मागे पडली आणि बाळ रडायला लागलं. वहिनीनं हात पुढे केले. "द्या आत्या."

"कोन मागून राहिलं? दाई का आई?"

"कोनीबी. द्या."

आत्यानं लगेच दिलं. वहिनीनं पदराखाली घेतलं. मग वहिनी खाली बघतच बोलायला लागली, कुणालाच न बोलल्यासारखी.

"आधीच्या पोरगीचं, परीचं नाव मी ती पोटात असतानाच ठेवलं होतं. पाळन्यावर लिहून घेतलं होतं, सोनेरी अक्षरात. रोज हाका मारायची पोटाला. परी, ए परी. इतकं गोड नाव, आत्या. कोनाच्या तरी कानावर गेलं असंल."

"असं नसतं गं," आत्या म्हणाली. पण तिचं स्वतःचं नाव काय आहे आणि का आहे, ते गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"तुमाला शाळेत हसले, ठाऊक हाये मला. शिवकन्यानं सांगितलं. हसू द्या ना हिलाबी. हसायला शाळेत तर जाईल ती."

तिथून बाळापूर येईपर्यंत आत्या एक अक्षर बोलली नाही. समोर म्हैस आडवी आली तरी नाही. इनायतभैयानं दोनदा आरशातून माझ्याकडे बघितलं. फुप्पी गप्प, हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

बाळापूरला बाजार भरलेला. हॉटेलसमोर गाडी थांबली. वैजनाथदादा कढईत भजे सोडत होता, तो झारा हातात तसाच ठेवून बघत राहिला. "आई, सकाळी एकटी गेली होती ना तू?"

बाबा आणि हरीशदादानं पाळणा उतरवला. त्याच्या डोक्याकडच्या फळीवर सोनेरी अक्षरं खरवडून काढलेली जागा होती. आत्यानं ती बघितली. पदरानं एकदा पुसली. मग बाळ घेऊन दाराशी गेली, मान वर करून पाटीकडे बघत उभी राहिली. गिऱ्हाईकं भज्याचा घास हातात धरून थांबली. आत्यानं चौकटीला हात लावला आणि उजवं पाऊल टाकून उंबरा ओलांडला.

वहिनी उंबऱ्याशी आली. पदर पसरला.

"कोन हाये?" आत्यानं आतून विचारलं.

"मी दाई. लेकरू पाजायला द्या."

"कोनाचं लेकरू?"

"तुमचं."

"तुमचं म्हंजे कोनाचं? नाव घेऊन सांग."

"उकंडाबाईचं."

"पुन्हा सांग."

"उकंडाबाईचं लेकरू."

"हां." आत्या बाकावर बसली. "ऐकलं का, वैष्णवी? तुज्याच तोंडानं आलं. न्हेनारा दारात येऊन विचारंल, हे कोनाचं? तर हेच सांगायचं. आईच्या जागी मी बसले. मी पुढं, पोरगी माज्या मागं. त्याला आधी माज्यावरून जावं लागंल. आन माज्यावरून तो एकडाव परत गेलेला हाये."

वहिनीचा पदर तसाच पसरलेला. "मंग तिला तुमचं नाव..."

"माजं नाव मला लागतंय की अजून! ते तिला दिलं तर मी काय घालू?" आत्यानं बाळाच्या कपाळावरची तीट अंगठ्यानं सारखी केली. "तिच्यासाठी हाये एक माज्याकडं. लग्नात भेटलं होतं. घडीबी न्हाई मोडली त्याची." आणि तिनं हनुवटीनं वर पाटीकडे दाखवलं.

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

"आई!" वैजनाथदादा म्हणाला. "ते दुकानाचं नाव हाये!"

"व्हय. मंग दुकान तिचं. तुजे भजे करपून राहिले, तिकडं बघ."

हरीशदादाला हे नाव जुनं वाटलं असणार, तोंड उघडलं होतं त्यानं. पण तो बायकोकडे बघत होता. वहिनी उंबऱ्याबाहेर उभी राहून मनातल्या मनात काहीतरी लावून बघत होती, बांगडी हातात चढते का ते बघतात तसं. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला ओठ वाचता येतात. उषा, उकंडाबाईची. उषा, उकंडाबाईची. मग तिनं पदर गोळा केला आणि आत आली. आत्यानं बाळ तिच्या ओटीत ठेवलं.

पाळणा भज्याच्या कढईपासून लांब, पाण्याच्या माठाजवळ मांडला. बाळाची आत्या मी. मी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं, आणि पाठीवर बायकांचे इतके धपाटे बसले की त्यातले निम्मे जुन्या हिशेबाचे असावेत. ज्यांचे आवाज मी काढते त्या सगळ्या तिथं होत्या. घुगऱ्यांबरोबर गरम भजे वाटले. जेमतेम महिना-दीड महिन्याची पोरगी, आणि बाजारपेठेत तिच्या नावाचं हॉटेल, तेही पाटी रंगवून तयार. इनायतभैया सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटला, "मालकीण आयी है, मालकीण!"

बाकावर एक पागोटेवाले म्हातारबाबा चहा पीत बसले होते. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. कोपऱ्यात बाळाला पाजत बसलेल्या वहिनीकडे बघून त्यांनी सहज विचारलं, "कोनाची व्हय गं पोरगी?"

दादानं "माझी" म्हणायला तोंड उघडलं, पण वहिनीनं त्याच्या आधी मान वर केली. म्हातारबाबा दोन हातांवर होते. वहिनी त्यांच्याकडे बघत नव्हती, त्यांच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत होती, आणि लांब उभ्या असलेल्या कुणाला तरी ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली,

"उकंडाबाईची!"

बाजारातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली.

"अगं हळू," आत्या म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागून राहिला उषाचा."